फुप्फुस-क्षालन द्रवातील पेशीगणना आणि काचपट्टी

फुप्फुस-क्षालन द्रवातील पेशीगणना ही फुप्फुसांच्या रोगांच्या निदानासाठी केली जाणारी एक प्रयोगशाळा-तपासणी आहे. फुप्फुसाचा एखादा भाग मिठाच्या निर्जंतुक द्रावणाने धुऊन परत घेतलेल्या द्रवात कोणत्या प्रकारच्या पेशी किती प्रमाणात आहेत, हे या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ठरवले जाते. क्षालनाच्या या क्रियेस वैद्यकात ब्रॉन्कोअल्व्हिओलर लॅव्हेज असे म्हणतात. अहवालात येणारे शेकडा प्रमाण हे फुप्फुसातील पेशींचे प्रमाण म्हणून वाचले जाते. वास्तविक ते काचपट्टीवर टिकलेल्या पेशींचे प्रमाण असते. द्रव गाळणे, पेशी काचेवर बसवणे, त्या सुकवणे आणि रंगवणे यांपैकी प्रत्येक टप्प्यावर काही पेशी गळतात, काही ओळखू येईनाशा होतात. ही गळती सर्व प्रकारच्या पेशींची सारख्या प्रमाणात होत नाही. त्यामुळे एकाच रुग्णाच्या एकाच नमुन्यातून दोन पद्धतींनी दोन निराळी उत्तरे येऊ शकतात.

इतिहास

जपानी वैद्य शिगेतो इकेदा यांनी १९६० च्या दशकात प्रकाशतंतूंचा लवचीक ब्रॉन्कोस्कोप प्रचारात आणला. त्याआधी श्वासनलिकेत ताठ नळी घालावी लागत असे. लवचीक नळीमुळे फुप्फुसाच्या लहान शाखांपर्यंत पोहोचणे आणि तो भाग धुऊन घेणे सुकर झाले. १९७४ साली हर्बर्ट रेनॉल्ड्स आणि हॅरोल्ड न्यूबॉल यांनी मानवी फुप्फुसांतून अशा रीतीने मिळवलेल्या पेशी व प्रथिने यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानंतर सारकॉइडोसिस, अतिसंवेदनशीलता-जन्य फुप्फुसदाह, फुप्फुसतंतुमयता इत्यादी रोगांच्या अभ्यासात या तंत्राचा वापर वाढत गेला.

विरळ द्रवातील पेशी थेट काचपट्टीवर बसवणारे सायटोसेंट्रिफ्यूज हे यंत्र १९६६ साली वर्णिले गेले होते. कमी वेळात स्वच्छ व एकथरी पट्टी देणारे हे यंत्र क्षालन द्रवासाठीही सर्वत्र वापरात आले. तथापि १९८४ साली चेझारे साल्तिनी, रॉनल्ड क्रिस्टल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या यंत्राची तुलना गाळणपटल पद्धतीशी केली. यंत्राने केलेल्या पट्ट्यांवर लिंफोसाइट पेशी प्रत्यक्षापेक्षा कमी मोजल्या जातात, असे त्यांना आढळले. पट्टी करण्याची पद्धत हाच मापनातील दोषाचा एक उगम आहे, ही गोष्ट या अभ्यासामुळे ठळकपणे पुढे आली. १९८९ साली युरोपात आणि २०१२ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

द्रवातील पेशी आणि त्यांचे महत्त्व

धूम्रपान न करणाऱ्या निरोगी प्रौढाच्या क्षालन द्रवात पेशींचे प्रमाण २०१२ च्या सूचनांनुसार साधारणतः पुढीलप्रमाणे असते :

मॅक्रोफेज (महाभक्षी पेशी) : ८५ टक्क्यांहून अधिक
लिंफोसाइट (लसीका पेशी) : १० ते १५ टक्के
न्यूट्रोफिल : ३ टक्के किंवा कमी
इओसिनोफिल : १ टक्का किंवा कमी

यांखेरीज श्वासनलिकेच्या अस्तराच्या काही पेशी आढळतात. त्या ५ टक्क्यांहून अधिक असल्यास नमुना वायुकोशांऐवजी मुख्यतः श्वासनलिकांतून आला असावा, असे समजले जाते. धूम्रपान करणाऱ्यांत मॅक्रोफेजांची संख्या कित्येक पटींनी वाढलेली असते, त्यामुळे लिंफोसाइटांचे शेकडा प्रमाण आपोआप खाली जाते.

रोगनिदानात या आकड्यांना ठरावीक सीमारेषा आहेत. लिंफोसाइट १५ टक्क्यांहून अधिक असल्यास ते वाढलेले मानतात. २५ टक्के वा अधिक असल्यास सारकॉइडोसिस किंवा अतिसंवेदनशीलता-जन्य फुप्फुसदाह यांसारख्या रोगांकडे लक्ष जाते, आणि ५० टक्क्यांपलीकडचे प्रमाण अतिसंवेदनशीलता-जन्य फुप्फुसदाहाची किंवा पेशीबहुल अविशिष्ट अंतराली फुप्फुसदाहाची शक्यता विशेष वाढवते. इओसिनोफिल २५ टक्के वा अधिक असणे हे इओसिनोफिली फुप्फुसरोगाचे जवळजवळ निश्चित चिन्ह समजतात. न्यूट्रोफिल ५० टक्के वा अधिक असल्यास तीव्र फुप्फुस-इजा किंवा पूयजनक संसर्ग संभवतो. कोणताही निष्कर्ष केवळ या आकड्यांवर काढला जात नाही. रुग्णाचा इतिहास आणि छातीचे सीटी स्कॅन यांच्या जोडीनेच तो काढला जातो.

द्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये किती पेशी आहेत, यापेक्षा शेकडा प्रमाणालाच अधिक महत्त्व देण्यामागे कारण आहे. फुप्फुसात सोडलेले द्रावण वायुकोशांतील मूळ द्रवात किती मिसळले, हे प्रत्येक वेळी वेगळे असते. म्हणून एकूण संख्येची तुलना कठीण ठरते. द्रव पातळ झाला तरी पेशींचे आपसातील प्रमाण बदलत नाही, या गृहीतकावर शेकडा प्रमाण उभे आहे. काचपट्टी करताना जर एकाच प्रकारच्या पेशी गळाल्या, तर नेमके हेच गृहीतक ढासळते.

नमुना काचपट्टीपर्यंत पोहोचण्यापूर्वी

क्षालनासाठी ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक द्रावण वापरतात. एकूण १०० ते ३०० मिलिलिटर द्रावण ३ ते ५ भागांत विभागून सोडले जाते आणि प्रत्येक वेळी हलक्या ओढीने परत घेतले जाते. सोडलेल्या द्रावणापैकी किमान ३० टक्के परत मिळणे इष्ट असते. पहिल्या भागात श्वासनलिकांतील द्रव अधिक असल्याने न्यूट्रोफिल व अस्तरपेशी जास्त आढळतात. काही प्रयोगशाळा हा भाग वेगळा ठेवतात, काही तो उर्वरित द्रवात मिसळतात. पेशीगणनेसाठी १० ते २० मिलिलिटर द्रव पुरेसा होतो, आणि ५ मिलिलिटरपेक्षा कमी असू नये.

मॅक्रोफेज पेशींना काचेला चिकटण्याची प्रवृत्ती असते. साध्या काचेच्या बाटलीत नमुना घेतल्यास त्या बाटलीच्या भिंतीवरच राहतात आणि लिंफोसाइटांचे प्रमाण खोटे वाढते. म्हणून सिलिकॉनचा लेप दिलेली काच किंवा पेशी न चिकटणारे प्लास्टिक वापरतात. नुसत्या मीठ-द्रावणात पेशी फार काळ टिकत नाहीत. तपासणीस विलंब होणार असेल तर नमुना सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानास ठेवतात, आणि अधिक विलंबासाठी पेशी पोषक माध्यमात घालतात. विलंब झाल्यास न्यूट्रोफिल लवकर विघटित होतात.

द्रवातील कफाचे धागे काढण्यासाठी तो विरळ विणीच्या जाळीदार कापडातून गाळण्याची प्रथा आहे. कफ राहिला तर पेशी त्यात गुंतून गठ्ठे होतात आणि मोजता येत नाहीत; गाळला तर कफाला चिकटलेल्या पेशी, विशेषतः अस्तरपेशी, त्याच्याबरोबर जातात. पेशी धुण्याच्या बाबतीतही हेच घडते. अपकेंद्रित्रात फिरवून, वरचा निथळ ओतून टाकून, तळाचा साका पुन्हा द्रवात कालवला की प्रत्येक वेळी काही पेशी कमी होतात.

एकूण पेशी मोजण्यासाठी काचपट्टीची गरज नसते. ते काम न्यूबॉर मोजणीकक्षात होते. या कक्षातील १ मिलिमीटर बाजूच्या चौकोनावर द्रवाची खोली ०.१ मिलिमीटर असते, म्हणून एका चौकोनातील सरासरी पेशीसंख्येस १०,००० ने गुणले की दर मिलिलिटरची संख्या मिळते. ट्रिपॅन ब्ल्यू हा रंग घातल्यास मृत पेशी निळ्या दिसतात. पट्टीवर पेशी किती गळाल्या, हे पडताळण्यासाठी ही स्वतंत्र मोजणी उपयोगी पडते.

काचपट्टी तयार करण्याच्या पद्धती

साधे लेपन. अपकेंद्रित्राच्या नळीत तळाशी बसलेल्या पेशींचा थेंब काचपट्टीवर घेऊन दुसऱ्या पट्टीच्या कडेने पसरवतात. या पद्धतीस यंत्र लागत नाही. परंतु पसरवताना मोठ्या व नाजूक पेशी चिरडतात, आणि मोठ्या पेशी लेपाच्या कडेला व शेवटच्या टोकाला अधिक गोळा होतात. लेपाचा कोणता भाग मोजला यावर उत्तर बदलते.

सायटोसेंट्रिफ्यूज. या यंत्रात एक छोटी कुपी, छिद्र असलेला शोषक कागद आणि काचपट्टी एकत्र घट्ट बसवतात. कुपीत सामान्यतः १०० ते २०० मायक्रोलिटर द्रव घालतात. यंत्र फिरू लागले की पेशी काचेवर दाबल्या जातात आणि द्रव कागदात शोषला जातो. सुमारे ६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात पेशींचा एक पातळ थर मिळतो. पेशींची रचना स्पष्ट दिसते आणि निरनिराळे रंग वापरता येतात, म्हणून ही पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे.

गाळणपटल. अतिसूक्ष्म छिद्रे असलेल्या सेल्युलोजच्या पटलातून द्रव ओढून घेतात. पेशी पटलावर अडतात, तेथेच त्या रंगवतात आणि मग झायलीनने पटल पारदर्शक करून पाहतात. यात पेशींची गळती फार कमी होते. मात्र काम वेळखाऊ आहे, पेशींची रचना तितकी स्वच्छ दिसत नाही, आणि न्यूट्रोफिल व इओसिनोफिल यांतील फरक ओळखणे अवघड जाते.

लिंफोसाइट का गळतात

लिंफोसाइट ही लहान व गोल पेशी आहे. तिचा व्यास साधारण ७ ते १० मायक्रोमीटर असतो. वायुकोशातील मॅक्रोफेज त्याच्या दुप्पट वा अधिक मोठी असते. मोठी पेशी द्रवात लवकर खाली बसते आणि काचेवर पसरून घट्ट धरून राहते. लहान पेशी सावकाश बसते आणि तिची पकडही सैल असते. सायटोसेंट्रिफ्यूजमध्ये एकाच वेळी दोन क्रिया चालू असतात. पेशी काचेकडे जात असतात आणि द्रव कागदाकडे जात असतो. काचेवर पोहोचण्यापूर्वीच द्रव शोषला गेला, तर मागे राहिलेल्या पेशी त्याच्यासोबत कागदात जातात. अशा मागे राहणाऱ्या पेशींत लिंफोसाइट अधिक असतात.

यावरून गळती कमी-अधिक करणारे घटक स्पष्ट होतात.

फिरण्याचा वेग : वेग वाढवला की लहान पेशीही वेळेत काचेवर बसतात आणि लिंफोसाइटांचे मोजलेले प्रमाण वाढते. वेग अतिरिक्त झाला तर पेशी चपट्या होऊन त्यांची रचना बिघडते. केवळ दर मिनिटाचे फेरे लिहून भागत नाही. १,००० फेऱ्यांना १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात सुमारे ११२ ग्रॅव्हिटीएवढा, तर १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात सुमारे १६८ ग्रॅव्हिटीएवढा जोर निर्माण होतो. फेरे दुप्पट केल्यास जोर चौपट होतो.

कागदाची शोषणशक्ती : जलद शोषणारा कागद द्रव लवकर ओढतो, त्यामुळे गळती वाढते. कागद घट्ट वा सैल बसवल्यानेही फरक पडतो.

प्रथिनांचे प्रमाण : क्षालन द्रवात प्रथिने अल्प असतात. द्रवात थोडे अल्ब्युमिन किंवा सीरम घातल्यास पेशींचा आकार टिकतो आणि त्या काचेला धरून राहतात.

पेशींची दाटी : पेशी फार झाल्यास एकमेकींवर चढतात आणि लहान लिंफोसाइट मोठ्या मॅक्रोफेजांखाली झाकले जातात. फार थोड्या असल्यास मोजण्यापुरत्या पेशीच मिळत नाहीत. म्हणून आधी मोजणीकक्षात संख्या पाहून द्रव योग्य तेवढा पातळ वा दाट केला जातो.

सुकवणे आणि रंगवणे

पट्टीवर बसलेली प्रत्येक पेशी ओळखू येतेच असे नाही. मे-ग्रुनवाल्ड-गीम्सा किंवा राइट-गीम्सा या रंजनांसाठी पट्टी हवेत झटपट सुकवावी लागते. ती सावकाश सुकली तर पेशी आकसतात, आणि लहान मॅक्रोफेज व मोठी लिंफोसाइट यांत गोंधळ होतो. पापानिकोलाऊ रंजनासाठी याउलट पट्टी ओली असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवतात. ही रीत कर्कपेशी शोधण्यास चांगली असली, तरी रक्तजन्य पेशींच्या गणनेसाठी गीम्सा प्रकारची रंजने अधिक सोयीची ठरतात.

मास्ट पेशींचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. या पेशींतील कण पाण्यात काही प्रमाणात विरघळतात. काही जलद रंजनांत ते रंग घेत नाहीत, आणि ती पेशी मॅक्रोफेज किंवा लिंफोसाइट म्हणून मोजली जाते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातही टोल्युइडीन ब्ल्यूने या पेशी नीट उठून दिसत नाहीत. मास्ट पेशींची असामान्यतेची सीमा ०.५ टक्का इतकी खाली असल्याने, काही थोड्या पेशी चुकल्या तरी निष्कर्ष बदलतो.

किती पेशी मोजाव्यात

२०१२ च्या सूचनांनुसार किमान ४०० पेशी मोजणे अपेक्षित आहे. यामागे साधे संख्याशास्त्र आहे. लिंफोसाइटांचे खरे प्रमाण १० टक्के असताना केवळ १०० पेशी मोजल्या, तर निव्वळ योगायोगाने उत्तर साधारण ४ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही येऊ शकते. ४०० पेशी मोजल्यास हाच पल्ला ७ ते १३ टक्के होतो. विरळ पेशींच्या बाबतीत फरक अधिक मोठा आहे. १ टक्का इओसिनोफिल असलेल्या नमुन्यात १०० पेशी मोजून एकही इओसिनोफिल न दिसण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. ४०० पेशी मोजल्यास ती सुमारे २ टक्क्यांवर येते.

वर्तुळाच्या मध्यभागी आणि कडेला पेशी सारख्या मिसळलेल्या असतीलच असे नाही. म्हणून एकाच जागी मोजणी न करता ठरावीक मार्गाने, मध्यापासून कडेपर्यंतची क्षेत्रे घेऊन मोजतात. दोन निरीक्षकांनी प्रत्येकी २०० पेशी मोजून ताडून पाहण्याचीही पद्धत आहे.

मोजणी वाढवल्याने योगायोगाची चूक कमी होते, पद्धतीची चूक होत नाही. कागदात गेलेल्या लिंफोसाइट १,००० पेशी मोजूनही परत येत नाहीत. उलट चुकीचा आकडा अधिक अचूक असल्याचा भास होतो.

निदानावरील परिणाम

काचपट्टीवरील गळतीचा परिणाम एका काल्पनिक गणिताने समजून घेता येतो. द्रवात १,००० पेशी असून त्यांत ३०० लिंफोसाइट व ७०० इतर पेशी आहेत, असे मानू. लिंफोसाइटांचे खरे प्रमाण ३० टक्के झाले. पट्टी करताना निम्म्या लिंफोसाइट गळाल्या आणि बाकीच्या पेशी सर्व टिकल्या, तर ८५० पेशींत १५० लिंफोसाइट उरतात. प्रमाण सुमारे १७.६ टक्के येते. जो आकडा २५ टक्क्यांच्या पुढे होता, तो मागे गेला. मूळ प्रमाण २० टक्के असते, तर त्याच गळतीनंतर ते ११.१ टक्के दिसले असते, म्हणजे निरोगी माणसाच्या मर्यादेत.

याच उदाहरणात मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल व इओसिनोफिल यांपैकी काहीच वाढलेले नसताना त्यांची टक्केवारी मात्र वर जाते. टक्केवारीची बेरीज नेहमी १०० असते, म्हणून एका पेशीची तूट दुसऱ्या पेशीची वाढ म्हणून दिसते.

भारताच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. देशातील १९ शहरांतील २७ केंद्रांत नोंदवलेल्या १,०८४ रुग्णांवर आधारलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीत, अंतराली फुप्फुसरोगांपैकी अतिसंवेदनशीलता-जन्य फुप्फुसदाह सर्वाधिक, म्हणजे ४७.३ टक्के रुग्णांत आढळला. हवा थंड करणाऱ्या कूलरशी संपर्क हे त्यांत वारंवार आढळलेले कारण होते. कबुतरांसारख्या पक्ष्यांची पिसे व विष्ठा आणि बुरशी लागलेला चारा हीसुद्धा या रोगाची परिचित कारणे आहेत. या रोगाचे कारण ओळखून ते दूर करणे हा उपचाराचा पाया असतो. २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय सूचनांत या रोगाच्या निदानासाठी क्षालन द्रवातील लिंफोसाइट मोजण्याचा पुरस्कार केलेला आहे. लिंफोसाइट कमी दिसल्यास या रोगाची शंका मागे पडू शकते आणि रुग्ण त्याच कूलरसमोर किंवा त्याच खुराड्याजवळ राहत जातो.

प्रमाणीकरण

कोणतीही एक पद्धत सर्व बाबतींत श्रेष्ठ नाही. गाळणपटलावर पेशी टिकतात पण कमी स्पष्ट दिसतात. सायटोसेंट्रिफ्यूजने त्या स्पष्ट दिसतात पण काही गळतात. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेने एकच पद्धत निश्चित करून ती न बदलता पाळणे आणि निरोगी व्यक्तींची संदर्भमूल्ये त्याच पद्धतीने ठरवलेली वापरणे आवश्यक मानले जाते. एका पद्धतीने आलेला आकडा दुसऱ्या पद्धतीच्या सीमारेषेशी ताडून पाहणे सदोष ठरते. एकाच रुग्णाच्या दोन वेळच्या अहवालांची तुलना करतानाही दोन्ही पट्ट्या सारख्या रीतीने केल्या होत्या का, हे पाहावे लागते.

परिपूर्ण अहवालात सोडलेले व परत मिळालेले द्रावण, पेशींची एकूण संख्या, जिवंत पेशींचे प्रमाण, पट्टी करण्याची पद्धत, यंत्राचा जोर व वेळ, वापरलेले रंजन आणि मोजलेल्या पेशींची संख्या यांची नोंद अपेक्षित असते. लिंफोसाइटांचे उपप्रकार मोजण्यासाठी फ्लो सायटोमेट्री हे तंत्र वापरतात. त्यात काचपट्टी लागत नाही. परंतु मॅक्रोफेज स्वतःच प्रकाश उत्सर्जित करत असल्याने मापनात अडथळा येतो. त्यामुळे हे तंत्र काचपट्टीवरील गणनेला पूरक म्हणून वापरले जाते, तिच्या जागी नव्हे.

हे सुद्धा पहा

फुप्फुस
श्वसनसंस्था
सूक्ष्मदर्शक
श्वेत रक्तपेशी
सारकॉइडोसिस